नळाजवळ कोण झोपलं होतं

सोमवार, होळीच्या आदल्या आठवड्यातला. दुपार. अधीक्षकांच्या केबिनशेजारची मीटिंगची खोली.

हजर: अधीक्षक; मायक्रोबायॉलॉजीच्या मॅडम; सर्जरी युनिटचे मोठे सर; मेट्रन; बाहेरच्या संस्थेतून आलेले संख्याशास्त्राचे सर, ज्यांना आमच्याकडे वॉर्डातल्या मामांपासून मेट्रनपर्यंत सगळे ‘गणितवाले सर’ म्हणतात; आणि इन्फेक्शन कंट्रोलची सिस्टर, म्हणजे मी. गैरहजर: इंजिनिअरिंग विभाग, निरोप नाही. जिच्याबद्दल बोलायचं होतं तिला बोलावलं नव्हतं.

मीटिंगचा वृत्तान्त लिहायचं काम कायम माझ्याकडे येतं, कारण माझं अक्षर वाचता येतं आणि मी वेळेवर देते. त्या दिवसाचाही लिहिला. पण त्यात ‘सविस्तर चर्चा झाली’ एवढंच आहे. बाकीचं इथे लिहिते.

परळच्या आमच्या हॉस्पिटलात मोठ्या ऑपरेशननंतर पेशंटला थेट जनरल वॉर्डात पाठवत नाहीत, आधी काही दिवस एका मधल्या वॉर्डात ठेवतात. या मधल्या वॉर्डात दिवाळीनंतर एक जंतू ठाण मांडून बसला होता, बहुतेक अँटिबायोटिक्सना दाद न देणारा. ऑपरेशन छान व्हायचं. पेशंट उठून बसायचा, पेज प्यायचा, मुलगी गावाला फोन करून सांगायची की बाबा आता बोलतायत. आणि मग ताप. रक्ताच्या तपासणीत तोच जंतू. काही वाचले. बरेच नाही वाचले.

करायचं ते सगळं मी केलं होतं. चादरी, पडदे, ट्रॉल्या, सक्शनच्या नळ्या, फरशी पुसायचं पाणी, नळाचं पाणी, सगळ्याचे नमुने. नमुने स्वच्छ आले. हात धुण्याचं ट्रेनिंग दिलं, पुन्हा दिलं, मग कोण धुतंय आणि कोण नुसतं पाण्याखाली धरतंय यावर उभं राहून लक्ष ठेवलं. वॉर्ड रिकामा करून धुरी दिली. धुरीनंतर काही दिवस शांत जायचे आणि माझ्या यादीत मी त्या ओळीवर बरोबरची खूण करायची. मग पुन्हा एकाला ताप यायचा. शेवटी शेवटी तर सकाळी वॉर्डात पाय ठेवताना मी आधी तापाचे तक्तेच बघायची, माणसांची तोंडं नंतर.

गणितवाल्या सरांना मॅडमनी आणलं. जंतू कोणाकडून कोणाकडे गेला हे कोणी पाहिलेलं नसतं, पण हिशेबाने मागे मागे जाता येतं, असं त्यांचं म्हणणं. या पद्धतीला बेझियन म्हणतात. मी पहिल्याच दिवशी सरांना म्हटलं, मला सोप्या भाषेत सांगा, पुढे वॉर्डात मलाच समजावावं लागणार आहे.

‘तुम्ही चाळीत वाढलात?’ त्यांनी विचारलं. माणूस पुण्याचा, बोलणं अगदी घडी घातल्यासारखं.

‘ठाकूरद्वारला. अजून तिथेच आहे.’

‘चाळीत डोळे यायचे?’

‘दर पावसाळ्यात. सगळा मजला लाल डोळ्यांचा.’

‘कोणापासून सुरू झालं हे कसं ठरवायचात?’

‘ज्याने पहिला काळा चष्मा घातला त्याच्या नावाने शिमगा.’

ते हसले. ‘पण तो पहिला दिसला म्हणून त्यानेच आणलं असं नाही ना. आपण काय करायचं, सुरुवातीला सगळ्यांवर थोडा थोडा संशय ठेवायचा. मग कळलं की दोघं एकाच टॉवेलला तोंड पुसतात, तर संशय तिकडे सरकवायचा. मग कळलं, त्यातला एक त्या आठवड्यात मामाकडे राहायला गेला होता, तर पुन्हा मागे घ्यायचा. नवी गोष्ट कळली की संशय हलवायचा. शेवटी बाण काढायचे, याच्याकडून त्याच्याकडे. आणि प्रत्येक बाणावर किती खात्री तेही लिहायचं.’

‘सोळा आणे खात्री कधी येते?’

‘कधीच येत नाही,’ ते म्हणाले.

मी ते तेव्हा कानाआड केलं. त्यांना काय काय हवंय ते लिहून घेतलं: पेशंट कधी आला, कुठल्या खाटेवर होता, नमुना कधी घेतला, त्या दिवशी ड्यूटीवर कोण होतं. दिवाळीपासूनचं सगळं काढून, तपासून, टाइप करून दिलं. मी दिलेल्या कागदात खाडाखोड नसते.

त्या सोमवारी त्यांनी भिंतीवर चित्र लावलं. गोल म्हणजे पेशंट, चौकोन म्हणजे स्टाफ, मध्ये बाण. बरेचसे बाण एकाच चौकोनातून निघत होते. चौकोनावर नाव नव्हतं, पण ड्यूटीचे तक्ते मीच दिलेले असल्यामुळे मला वाचायची गरज नव्हती.

आमच्याकडे सिस्टर पुष्कळ आहेत, म्हणून इथे तिला काळाचौकीची सिस्टर म्हणते. तिथल्याच चाळीत वाढली, दोन गल्ल्या पलीकडे लग्न होऊन गेली. माझ्याहून बरीच लहान, आणि वॉर्डात सगळ्यांत पक्की. कोणाची शीर सापडत नाही, बोलवा हिला. पेशंट घाबरलाय, नळी ओढतोय, बोलवा हिला. म्हणून वॉर्डाच्या इन्चार्ज सिस्टर सिरियस पेशंट कायम तिच्याकडेच देत. आणि स्टाफच्या हातांचे नमुने घेतले तेव्हा तोच जंतू एकीच्याच हातावर सापडला होता. तिच्याच.

‘म्हणजे हीच,’ अधीक्षक म्हणाले.

‘तसं म्हणता येणार नाही,’ गणितवाले सर म्हणाले. ‘आत्ता हातात आहे त्या माहितीवरून तिच्यामार्फत गेल्याची शक्यता बरीच दिसते. रुपयात बारा आणे म्हणा.’

‘अहो, बारा आण्यांवर लोक मुली देतात,’ मोठे सर म्हणाले.

मॅडमनी सांगून पाहिलं की हातावर जंतू सापडणं आणि हाताने पसरवणं या दोन गोष्टी आहेत. अधीक्षकांनी ऐकून घेतलं. त्यांच्या टेबलावर नातेवाइकांचे अर्ज होते, वरून विचारणा होती, आणि त्यांना सांगण्यासारखं एक काहीतरी पाहिजे होतं. ठरलं ते असं: चौकशी पूर्ण होऊन अहवाल येईपर्यंत तिला वॉर्डातून काढायचं, पेशंटला हात लावू द्यायचा नाही. अहवालात तिचं नाव राहिलं तर पुढची कारवाई. बाहेर आल्यावर मेट्रन मला म्हणाल्या, ‘तू सांग तिला. तुझं ऐकते ती.’

ती चेंजिंग रूममध्ये होती, ड्यूटी संपवून.

‘ताई, चहा सांगू?’

‘आधी बस.’

‘बस म्हणालात म्हणजे मेमो.’

‘मेमो नाही. काही दिवस वॉर्डाबाहेर ड्यूटी. रेकॉर्डला.’

‘कोणी तक्रार केली?’

‘कोणी नाही. गणितात आलं.’

‘गणितात मी शाळेत दोनदा गटांगळी खाल्ली,’ ती म्हणाली. ‘आता बघा, पहिली आले.’

मग बसली आणि एकेक नंबर घ्यायला लागली. आम्ही पेशंटना नंबरानेच ओळखतो. ‘सहा नंबर? ते टेलरिंगवाले काका? अकरा नंबर, जिची मुलगी पोळ्यांचा डबा आणायची आणि मलाच खायला लावायची, ती?’ मी म्हटलं, असं कोणी म्हटलेलं नाही. ती म्हणाली, ‘पण चित्रात बाण आहे ना, ताई? माझ्याकडून तिच्याकडे?’

आहे, मी म्हटलं.

दुसऱ्या दिवसापासून ती जुन्या फायलींच्या खोलीत बसायला लागली. स्वतःचा डबा एकटी खायची. हात इतके धुवायची की बोटांच्या पेरांना चिरा पडल्या, आणि चिरा पडलेल्या कातडीत जंतू जास्त राहतो हे तिलाही माहीत, मलाही. मी क्रीम दिलं तर म्हणाली, टेबलावर ठेवा, हातात नको. घरी स्वयंपाक सासूबाई करायच्या. मुलीची वेणीसुद्धा सासूबाई घालायच्या. सासूबाई चांगल्या, पण वेणी सैल घालतात म्हणून मुलगी रडते, हे तिनेच मला सांगितलं, आणि सांगताना स्वतःचे हात मांडीखाली दाबून बसली होती.

आणि ती वॉर्डात नसतानाही एकाला ताप आलाच. अधीक्षक म्हणाले, तो आधीच लागलेला असणार. गणितवाले सर म्हणाले, असू शकेल. मी त्यांना म्हटलं, सर, तुम्ही एकदा वॉर्ड बघायला या. कागदावर पुष्कळ झालं.

पाडव्यानंतर ते आले. हातात वॉर्डाचा नकाशा होता, इंजिनिअरिंगकडून मिळवलेला, प्रत्येक खाटेच्या जागी नंबर घातलेला. आमच्याकडे प्रत्येक खाटेच्या डोक्याशी भिंतीत हूक आहे आणि हुकाला नंबरची पत्र्याची पाटी. सर दाराशी उभे राहून नकाशा आणि पाट्या ताडून बघत होते, तेवढ्यात खिडकीजवळच्या पेशंटला धाप लागली. सिस्टर धावल्या. मामांनी त्याची खाट चाकांवर ओढत नर्सिंग टेबलाच्या पुढे आणली आणि तिथली खाट मागे ढकलली. मग मामांनी दोन्ही पाट्या काढल्या, आणि ज्याची त्याची पाटी ज्याच्या त्याच्या डोक्याशी नव्या जागी अडकवली.

‘मामा, हे काय केलंत?’ सरांनी विचारलं.

‘काय केलं? आठ नंबर पुढे घेतला.’

‘पण आठ नंबर खिडकीपाशी असतो.’

‘होता. आता हितं आहे.’

सर माझ्याकडे वळले. ‘सिस्टर, नंबर पेशंटबरोबर जातो?’

‘हो मग. जेवणाची ट्रॉली, गोळ्यांचा ट्रे, रक्ताच्या बाटल्यांवरची लेबलं, सगळं नंबरावर चालतं. पेशंट हलला आणि नंबर मागे राहिला तर एकाचं इन्सुलिन दुसऱ्याला जाईल. म्हणून तर ही पद्धत.’

‘आणि असं हलवतात किती वेळा?’

‘जो सिरियस तो टेबलापुढे. सावरला की मागे. रोजचंच आहे ते.’

ते शेजारच्या स्टुलावर बसले. ‘म्हणजे तुमच्या कागदावरचा आठ नंबर ही जागा नाहीच. ते माणसाचं नाव आहे. मी इतके दिवस समजतोय की ही सगळी माणसं आपापल्या जागी झोपून होती.’

माहीत सगळ्यांना होतं. मोठ्या सरांना, मेट्रनना, मॅडमना, मामांना, मला. घरातली कुठली खुर्ची डुगडुगते हे आपण पाहुण्याला लिहून देत नाही, तसं हे. सर म्हणाले, चूक माझीही आहे, आधी यायला हवं होतं. मग उठून टेबलापाशी गेले आणि टेबलामागे बघितलं. टेबलाच्या मागेच हात धुवायचं बेसिन आहे.

त्यांनी जे सांगितलं ते मी तिथेच उभी राहून समजून घेतलं. सिरियस पेशंट टेबलापुढे येतो. टेबलापुढे म्हणजे बेसिनजवळ. सिरियस पेशंट काळाचौकीच्या सिस्टरकडे जातो. म्हणजे जो बेसिनजवळ तोच तिच्याकडे. जंतू बेसिनमधून शिंतोड्यांबरोबर उडत असेल, तरी गणिताला बेसिनची जागा माहीतच नसल्यामुळे सगळा भार तिच्यावर पडणार. त्यातून तिचे हात सगळ्यांत जास्त वेळा त्याच बेसिनमध्ये.

नळाच्या पाण्याचा नमुना मी घेतला होता. बेसिनखालच्या मोरीच्या पाइपात, जिथे पाणी साचून राहतं, तिथे नमुन्याचा कापसाचा बोळा घातला नव्हता. मॅडम आणि मी त्याच दुपारी घातला. जंतू आला. तोच.

मी सरांना फोन केला. ‘सुटली ना ती?’

‘अजून नाही,’ ते म्हणाले. ‘पाइपातून तिच्या हातावर आला, की तिच्या हातांवरून पाइपात गेला, हे अजून माहीत नाही. खरोखर कोण कधी कुठे झोपलं होतं, ते पाहिजे.’

बेसिनचं काम मात्र मी थांबू दिलं नाही. बदलायचा अर्ज इंजिनिअरिंगकडे गेला. तोपर्यंत बेसिनच्या तोंडावर प्लॅस्टिक आणि सगळीकडून चिकटपट्टी.

मग सुरू झालं ते काम, जे मी पुन्हा कोणावर आणू इच्छित नाही. कोण कुठे झोपलं होतं हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. ते माणसांच्या डोक्यात होतं, आणि सगळ्यांत जास्त त्यांच्या, जे खाटेशेजारी स्टुलावर बसून होते. म्हणजे नातेवाइकांच्या. सरांनी नियम घालून दिला: बेसिनचं नाव काढायचं नाही, टेबल का खिडकी असंही विचारायचं नाही. फक्त विचारायचं, तुम्ही बसायचात तिथून काय दिसायचं? आपण सुचवलं तर उत्तर झुकतं, आणि झुकलेलं उत्तर हिशेबात धरता येत नाही.

मी यादी केली. आधी जे वाचले त्यांची घरं, मग जे गेले त्यांची. ड्यूटीवर वेळ मिळेना, म्हणून रविवारी घरून फोन करायची. नवरा भाजी निवडता निवडता म्हणाला, ‘रविवारी तरी मेलेल्यांना सोड.’ मी म्हटलं, कोथिंबीर नीट निवड, मुळं ठेवतोस. त्याने उठून बाहेरच्या खोलीतला टीव्ही बंद केला.

हॉस्पिटलातून बोलतेय म्हटलं की पलीकडे एक क्षण काहीच ऐकू यायचं नाही. तो क्षण मला अजून सहन होत नाही. लालबागच्या एका मुलाने विचारलं, ‘रिपोर्ट बदलला का?’ वडील जाऊन दोन महिने होऊन गेले होते. काय बदलणार होतं? पण त्याने विचारलं. एका बाईंनी मला मनसोक्त झापलं, आणि झापून झाल्यावर अगदी नीट सांगितलं: समोर औषधांचं कपाट, त्याच्या काचेत माझंच तोंड दिसायचं. ते कपाट टेबलाला लागून आहे. एका म्हाताऱ्यांना पंख्याचं एक पातं वाकडं होतं एवढंच आठवलं, आणि तेवढं पुरलं. मी प्रत्येकाचे आभार मानून फोन ठेवायची, नकाशावर गोल काढायची, पुढचा नंबर लावायची. मध्येच एकदा उठून मोरीत जाऊन तोंड धुतलं आणि तिथेच बराच वेळ उभी राहिले. आमच्या मोरीच्या जाळीकडे बघत.

सरांनी नव्याने हिशेब केला. तिच्या चौकोनातून निघणारे पुष्कळ बाण सुटले आणि मोरीच्या पाइपाला जाऊन लागले. ‘बारा आण्यांवरून आठ आण्यांवर आलं,’ ते म्हणाले. म्हणजे निम्म्यावर. म्हणजे तिने नेलं असेल किंवा नसेल. मी म्हटलं, इतक्या लोकांची मढी उकरून आठ आणे? ते म्हणाले, कारण बहुतेक जण बेसिनजवळही होते आणि तिच्या हाताखालीही होते. दोन्ही असलेला माणूस काही वेगळं सांगू शकत नाही. एक आहे आणि दुसरं नाही, असा माणूस पाहिजे.

असा एकच निघाला. पित्ताशयाच्या ऑपरेशनला आलेला, अँटॉप हिलच्या सरकारी क्वार्टर्समधला. तो वॉर्डात आला तेव्हा ती सासरच्या लग्नासाठी गावी गेली होती. ती परत आली, तिने त्याला एक दिवस पाहिलं, आणि लगेच त्याला ताप आला. आधीचे दिवस तो बेसिनजवळ असेल, तर ती यायच्या आधीच लागण झालेली, आणि भार पाइपावर. तो लांब खिडकीपाशी असेल, तर मग तिने हात लावलेला तो एक दिवसच उरतो.

मामा आणि मावशींना विचारलं.

‘खिडकीपाशी,’ मामा म्हणाले. ‘कबुतरांना हाकलत बसायचा.’

‘माका इचारल्यात तर तो टेबलाकडेच होतो,’ मावशी म्हणाल्या. ‘रोज माझ्याकडे चुनो मागी होतो.’

‘मावशी, चुनावाला वेगळा. तो दाढीवाला.’

‘गप ऱ्हव. तू काल काय जेवलंस ता तुका आठवणा नाय.’

दोघांचं तिथेच भांडण लागलं. मी दोन्ही लिहून घेतलं. सर म्हणाले, एकमेकांना खोडून टाकतात, शून्य. राहिली त्याची बायको. ऑपरेशननंतर रोज तीच शेजारी बसून असायची. नवऱ्याला जाऊन आता तीन महिने होत आले.

त्या बाईंना मी फोन केला तेव्हा ठरलेला प्रश्न विचारला. तुम्ही बसायचात तिथून काय दिसायचं?

‘का विचारताय?’

‘तपास चाललाय.’

‘कसला? तुमच्याकडे येऊन त्यांना काहीतरी लागलं, त्याचाच ना?’

मी ठरलेला प्रश्न पुन्हा विचारला.

‘सिस्टर, ते ऑपरेशनला स्वतःच्या पायांनी चालत आले होते. पिशवी पण मला उचलू दिली नाही. तुम्ही मला आधी सांगा, कुठून लागलं. कोणापासून लागलं. मग काय दिसायचं ते मी सांगते. सगळं आठवतं मला. पण फोनवर नाही. घरी या, समोर बसून सांगा.’ येते म्हणून मी फोन ठेवला.

मी सरांना विचारलं, सांगू का? ते म्हणाले, आधी सांगितलंत तर उत्तर वापरता येणार नाही. पाइप म्हणालात तर त्या पाइपाकडे झुकतील, सिस्टर म्हणालात तर सिस्टरकडे. खोटं बोलतील असं नाही, आठवणच तशी होते. मी म्हटलं, मग दुसऱ्या कोणाला पाठवा, ज्याला काही माहीत नाही. ते म्हणाले, ज्याला काही माहीत नाही तो त्यांना काय सांगणार? अधीक्षकांना विचारलं, तर त्यांचं उत्तर तयार होतं: अहवाल सही होईपर्यंत नातेवाइकांना एक शब्द सांगायचा नाही. आणि अहवाल त्या एका गोलासाठी अडलेला. अर्धवट अहवालावर मी कोणाला वॉर्डात परत घेणार नाही, हेही त्यांनी सांगितलं. महिनाअखेर अहवाल आहे तसा पाठवणार. आहे तसा म्हणजे आठ आणे. आठ आण्यांत तिचं नाव राहतं.

बेसिन बंद केल्यावर नवा ताप आलेला नाही. मी त्या ओळीवर खूण करत नाही. याआधीही असे दिवस गेलेत.

काळाचौकीची रोज जिन्यात भेटते आणि एकच विचारते. ‘ताई, शून्य आलं का?’ मी तिला समजावलं की या गणितात शून्य येत नाही. तो राहिलेला गोल टेबलापाशी लागला काय, खिडकीपाशी लागला काय, थोडं राहतंच. ती मान हलवते. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारते. परवा म्हणाली, ‘मीच असेन तरी सांगा. निदान मुलीजवळ झोपायचं की नाही ते ठरवता येईल.’

मी एकदा अँटॉप हिलला गेले. दादरहून बस घेतली, क्वार्टर्सचा नंबर विचारत विचारत पोचले. खाली मुलं क्रिकेट खेळत होती, बॉल माझ्या पायाशी आला, मी परत टाकला. पहिल्या मजल्याच्या जिन्यात थांबून काय बोलायचं ते मनात म्हटलं. आधी प्रश्न. त्या म्हणतील, आधी तुम्ही सांगा. मग मी काय म्हणू? आणि दुसरं, जे सरांना बोलले नाही. मला त्यांच्या तोंडून टेबलच ऐकायचं होतं. त्यांच्या समोर बसले असते तर त्यांनी ते माझ्या तोंडावर वाचलं असतं. आणि त्या खिडकी म्हणाल्या असत्या, तर तो गोल माझ्याच हाताने खिडकीपाशी काढावा लागला असता. मी जिना उतरले आणि परतीची बस धरली.

त्यांचा काल फोन येऊन गेला. ‘येणार होतात,’ एवढंच म्हणाल्या. मी म्हटलं, येते.

नकाशा पर्समध्ये आहे. बाकीचे सगळे गोल भरलेत, एक कोपऱ्यात कुठेच न लावता काढून ठेवलाय. महिना संपायला थोडेच दिवस आहेत. अँटॉप हिलला जायचं राहिलंय.